भंगारात सापडलेली ऐरण आणि घरची छोटी भट्टी

भंगारवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज धागा काढतोय, कारण घरची बोलणी खाऊन झालीत, आता इथली खायची राहिलीत.

मी पेशाने हिशेबनीस, राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीत. लोहारकामाशी संबंध एवढाच की लहानपणी आजोळी, आंबेवाडीला, पेरणीआधी मामाबरोबर लोहाराकडे जायचो आणि भाता ओढायला मिळावा म्हणून रडायचो. २०१९ च्या पुरात आजोळची मागची भिंत बसली. गाळ उपसताना एक लांब दांड्याची सांडशी आणि दोन छन्न्या निघाल्या. त्या घरी आणल्या आणि तिथून वेड लागलं. आज माझ्याकडे ११ सांडश्या, ५ छन्न्या, ४ घण, चामडं तडकलेला एक भाता, हाताने फिरवायचा एक बिडाचा ब्लोअर, आणि गेल्या महिन्यापासून एक ऐरण आहे.

ऐरण एका भंगारवाल्याकडे पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून होती. एका बाजूला निमुळतं शिंग, दुसऱ्या टोकाला माथ्यावर एक चौकोनी आणि एक गोल भोक. घरी आणून तारेच्या ब्रशने घासली आणि अंगावर खडू आडवा फिरवला, तर हळूहळू अक्षरं उमटली. पीटर राइट, त्याखाली गोलात 'सॉलिड रॉट', आणि कमरेवर तीन आकडे: १, १, १०. खडूच्या पांढऱ्यात ती अक्षरं वर येताना बघून मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "बरं, आता ही ठेवणार कुठं?"

प्रश्न तीन.
एक, ते आकडे कसले? किलो म्हणावे तर जुळत नाहीत, काट्यावर ६७ किलो भरली.
दोन, माथा मधोमध खोलगट झालाय आणि कडांचे टवके उडालेत. उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर एक हात मारून आणू का?
तीन, गच्चीवर छोटी भट्टी करायचा विचार आहे. व्हिडिओत बघितलं: पत्र्याच्या डब्यात पीओपी आणि वाळूचं अस्तर, एक जीआय पाइप आणि घरचा गॅस. चालेल का?

टिवल्याबावल्या

फोटो दिसत नाहीयेत.

रंकाळा_चौपाटी

गच्चीवर भट्टी! भावा, जाळ अन् धूर संगटच. सोसायटीची मिटिंग कधी ठेवली तेवढं कळव, वडापाव घेऊन येतो.

उद्यमनगरकर

ग्राइंडिंगला टाकली असेल तर आत्ता फोन करून थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

थांबवली? आता आकडे. हे जुनं इंग्लिश वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याचा पाव भाग, २८ पौंड. तिसरा सुटे पौंड. तुमची झाली ११२ + २८ + १० = १५० पौंड, किलोत ६८. एक किलो झिजली म्हणायची. एवढ्या वर्षांच्या ठोकाठोकीला काहीच नाही.

पीटर राइट हे इंग्लंडातल्या डडलीचे. 'सॉलिड रॉट' म्हणजे अंग घडीव लोखंडाचं, ओतीव नाही. पण माथ्यावर पोलादाची पाटी असते, भट्टीतच सांधलेली आणि कडक केलेली. जाडी अर्धा इंच किंवा त्याहून कमी. तुमची खोलगटी घालवायला जेवढं घासाल तेवढी ही पाटी जाईल, आणि खाली मऊ लोखंड लागलं की पुढे प्रत्येक घावाला खड्डा. कडा वेल्डिंगने भरायच्या फंदातही पडू नका. ६८ किलोचा ठोकळा नीट आधी तापवून घेतला नाही तर वेल्डच्या शेजारीच तडा जातो. गंज घालवायला ऐरण जाळात टाकणारेही बघितलेत. माथ्याचा कडकपणा गेला की ती टाकीखालीच बरी.

माथा जिवंत आहे का बघायचं तर बॉल बेअरिंगमधली इंचभर गोळी घ्या आणि १० इंचांवरून सोडा. ७-८ इंच उसळली तर माल चांगला. दोन-तीन इंचांतच बसली तर बिडाची किंवा मेलेली. माथाभर वेगवेगळ्या ठिकाणी सोडा, पाटी कुठं सुटली असेल तर तिथे गोळी एकदम मंद होते आणि आवाजही भद्द येतो.

भंगारवेडा

ग्राइंडिंग रद्द! गोळी टाकून बघितली. मध्ये पावणेआठ, शिंगाकडे सात, चौकोनी भोकाच्या मागे साडेपाच. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले.

उद्यमनगरकर

मागच्या टोकाला खाली आधार नसतो, तिथे कमीच येते. मस्त आहे ऐरण. सांभाळा.

विळाखुरपं

दोन दिवस धागा वाचतोय. लिहू का नको असं चाललं होतं.

आमचं घर लोहाराचं. गाव पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला. आजोबांपर्यंत बलुतं होतं, सुगीला खळ्यावरून धान्य यायचं. वडील आजही बसतात, पण आता महिन्याकाठी कोयते, खुरपी आणि कुणाची तरी पहार एवढंच. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. तुमच्या छंदाला नावं ठेवत नाही, पण भंगारात दिसलेली प्रत्येक ऐरण कुणीतरी कर्ज फेडायला नाहीतर घर मोडल्यावर किलोवर घातलेली असते. आमच्याकडेही एक गृहस्थ हॉटेलच्या दारात ठेवायला भाता मागत आले होते. वडील म्हणाले, "भाता दारात ठेवायचा, मग आम्ही कुठं बसायचं?" असो.

तुम्ही खोलगट म्हणताय ना, तो दोष नाही. विळा, कोयता, पट्टी वाकडी झाली की ती सपाट माथ्यावर सरळ होत नाही, कारण ठोकल्यावर ती परत थोडी उसळते. खोलगटीवर ठेवून ठोकली की किंचित पलीकडे जाते आणि सोडल्यावर सरळ बसते. वडील त्या खड्ड्याला हात लावू देत नाहीत. टवके उडालेल्या कडा कानशीने फक्त गोल करा. धारदार कड राहिली तर कामाच्या अंगात चीर पडते आणि घाव चुकला तर कडेचा तुकडा उडतो.

सांडश्यांचं सांगतो. ११ असून उपयोग नाही, जिचा जबडा कामाच्या जाडीला समांतर बसतो तीच कामाची. बाकी सगळ्यांतून तापलेलं लोखंड निसटतं. जबडा तापवून, मध्ये त्या जाडीची पट्टी धरून ठोका, बसवून घ्या. रिबिट ढिलं असेल तर ते आधी.

छन्न्या आणि भोकं पाडायचे सुंबे बघा. डोकं फुलून कडेने पाकळ्या आल्या असतील तर त्या घासून काढल्याशिवाय एकही घाव घालू नका. ती पाकळी गोळीसारखी उडते. आजोबांच्या दंडात एक होती, शेवटपर्यंत. हातोड्यावर हातोडा तर कधीच मारू नका. घणांचे दांडे जुने असतील तर सगळे बदला. बाभळीचा दांडा, पाचर मारून. आमची आजी आणि आई घण मारायच्या, आजोबा छोट्या हातोडीने कुठं मारायचं ते दाखवायचे. हातोडी ऐरणीवर नुसती टेकली की घण थांबायचा. यात 'थांब' म्हणायची गरज नाही. हे व्हिडिओत दिसत नाही.

भंगारवेडा

विळाखुरपं दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. किलोवरचं बोललात ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. भाता मी शोकेस म्हणून घेतला नव्हता, पण वापरलाही नाही हे खरं. छन्न्यांची डोकी बघितली, पाचपैकी चार फुललेली आहेत.

मातीकाम

मी भांडी भाजते, भट्ट्या बांधून आणि फोडून झाल्यात. अस्तराबद्दल माझ्याकडून.

पीओपी आणि वाळू विसरा. पीओपी म्हणजे जिप्सम, त्याची सगळी पकड त्यातल्या पाण्यावर असते आणि ते पाणी दीडशे-दोनशे अंशांत निघून जातं. वाळूतल्या गारेचं आकारमान ५७३ अंशांना एकदम बदलतं. म्हणजे एक भुसभुशीत होतोय आणि दुसरा आतून ढकलतोय. दोन-चार वेळा छान चालतं, व्हिडिओ तेवढ्यातच काढलेला असतो.

कोल्हापुरात बसून अस्तराची काळजी करणं म्हणजे रंकाळ्याकाठी पाणी शोधणं. इथे एवढ्या फौंड्र्या आहेत, त्यांना माल देणाऱ्यांकडे फायर ब्रिक सुट्या मिळतात. साधी वीट २३० × ११५ × ७५ मिलिमीटर. पाच-सहा विटांत हात-दीड हाताची भट्टी उभी राहते, सिमेंट लावायचंच नाही, नुसत्या रचायच्या. सिमेंट-काँक्रीट तापलं की त्याचे तुकडे फुटून उडतात. पंचगंगेतले गोटे तर अजिबात नकोत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फटाक्यासारखा फुटतो.

सिरॅमिक वूल कुणी सुचवेल. उत्तम उष्णतारोधक आहे, पण उघडं ठेवायचं नाही. तंतू फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यावर अग्निरोधक लेप पूर्ण चढवा, कापताना चांगला मास्क लावा, कचरा ओला करून गोळा करा. पहिल्यांदा करणाऱ्याने विटाच घ्याव्यात असं माझं मत.

आणि पावसाळ्यात ठेवलेल्या विटा एकदम पेटवू नका. जुलैत माझी एक वीट पहिल्या अर्ध्या तासात मधोमध उकलली, आवाज असा की मांजर दोन दिवस आलं नाही. आधी तासभर अगदी मंद आच, विटेतून वाफ यायची थांबली की मग हवा वाढवायची.

कुपोला_निवृत्त

३४ वर्षं फौंड्रीत काढली, कुपोला ते इंडक्शन, दोन्ही भट्ट्या बघितल्या. मुलांनो, आगीला माणूस भितो, त्यामुळे आगीने फारसं काही होत नाही. जे दिसत नाही ते सांगतो.

जीआय पाइप. त्यावर जस्त असतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि ठोकायचं लोखंड त्याहून जास्त तापवावं लागतं. मी स्वतः केलेली चूक: निवृत्तीनंतर नातवाला दाखवायला अंगणात भट्टी केली, घरात पडलेला जुना पाइप वापरला. राखाडी झाला होता म्हणून काळाच, म्हणजे बिनजस्ताचा समजलो. पांढरा, कापसासारखा धूर आला, तरी दहा मिनिटं बसलो. संध्याकाळी तोंडात पैसा चघळल्यासारखी चव, रात्री हुडहुडी भरून ताप, अंग असं दुखलं की मलेरिया वाटला. दुसऱ्या दिवशी उतरला. फौंड्रीत याला लोक पूर्वी 'सोमवारचा ताप' म्हणायचे, आणि मी ३४ वर्षं नोकरी करून अंगणात तो घेतला. काळा पाइपच आणा, नवा. क्रोमची तोटी, रंगवलेलं गेट, जस्ताचे नटबोल्टही भट्टीत नकोत.

बंद पोकळ वस्तू. शॉकअप, दोन्ही तोंडं बंद केलेला पाइप, जुना सिलिंडर. तापलं की बॉम्ब. रिकामा सिलिंडर कापून त्याची भट्टी करायची तर दुसऱ्या कुणाच्या गल्लीत करा, म्हणजे करूच नका. ट्रकचा ब्रेक ड्रम वापरणार असाल तर आतली काळी धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. पाण्याने धुवा.

कोळशाचा विषारी वायू. वास नाही, रंग नाही. पाऊस आला म्हणून भट्टी शेडमध्ये ओढून दार लावलं की डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस झोपतो. निदान दोन बाजू उघड्या पाहिजेत. डोकं दुखलं की बाहेर, कारण शोधत बसायचं नाही.

गॅस. घरचा लाल १४.२ किलोचा सिलिंडर भट्टीला लावणं २००० सालच्या एलपीजी आदेशाप्रमाणे बेकायदा आहे. कायद्याचं सोडा, घरचा रेग्युलेटर शेगडीपुरत्या कमी दाबाचा, या बर्नरला तो पुरत नाही. मग लोक रेग्युलेटर काढून काहीतरी जुगाड करतात, पेपरात बातमी येते. शिवाय गॅस हवेपेक्षा जड. गच्चीला चारी बाजूंनी कठडा असतो, गळलेला गॅस तळ्यासारखा साठतो आणि जिन्यातून खाली उतरतो. पुढे कधी गॅसवर गेलात तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, उच्च दाबाचा रेग्युलेटर, आयएस ९५७३ छापलेली नळी, आणि बर्नर जाणकाराकडून.

पहिली भट्टी लोणारी, म्हणजे लाकडाच्या कोळशाची करा. हवा हाताच्या ब्लोअरने. हात थांबला की आग बसते. याच्याइतका चांगला सेफ्टी वाल्व मी फौंड्रीत बघितला नाही. फौंड्रीचा कोक आणू नका, ढेकळं मोठी आणि कडक, हवा बंद झाली की विझतो, नवख्याला पेटायचाच नाही.

टिवल्याबावल्या

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

पंचगंगा_घाट

मस्त धागा. मला एक तलवार करायचीय. कमानपाटा मिळालाय ट्रकचा. तीन फुटी होईल का?

उद्यमनगरकर

होईल, आणि मग परवाना विचारतील. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं घरगुती किंवा शेतीची नसतील तर नियंत्रणात येतात. मर्दानी खेळाच्या आखाड्यात जा, तिथे फिरवायला मिळेल. करायला खुरपं घे.

विळाखुरपं

शिवाय कडक करायला तापलेला पाटा पाण्यात बुडवलास तर तिथेच तडकेल. पाटा तेलात पाजायचा. पत्र्याच्या नाहीतर लोखंडी उभ्या डब्यात, झाकण हाताशी. प्लास्टिकची बादली नको. तेल जरा कोमट करून घ्यायचं, ५०-६० अंश, मग ते पातळ होतं आणि चांगलं धरतं. गाडीचं काळं तेल नको, त्याचा धूर वाईट. तेल पेटलं तर झाकण ठेवायचं. पाणी मारलंस तर आग तुझ्या अंगावर येईल.

किती तापवायचं हे वडील रंगावर बघतात, सावलीत, उन्हात कधीच नाही. तू लोहचुंबक घे. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला धरायचं सोडतं, त्याच्या थोडं पुढे जाऊन बुडव. मग घासून पांढरं कर आणि मंद आचेवर ठेव. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. खुरप्याला काडीचा रंग गेला आणि तपकिरी आला की काढ.

रंकाळा_चौपाटी

गंज काढायला मळी वापरतात असं ऐकलं. आपल्याकडे कारखाने एवढे, कुणी केलंय का?

उद्यमनगरकर

केलंय. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, पिंपात दोन-तीन आठवडे. गंज सुटून खाली येतो, चांगलं लोखंड फारसं खात नाही. ॲल्युमिनियम आणि जस्ताचं काही त्यात टाकायचं नाही. वास मात्र असा की शेजारी बोलायचे थांबतात. पण कारखान्यातून सुटी मळी कुणी देत नाही, ती राज्य उत्पादन शुल्कच्या ताब्यात असते. मला पशुखाद्यवाल्याने थोडी दिली. नाहीतर १२ व्होल्टचा चार्जर, धुण्याचा सोडा आणि लोखंडी पट्टी घेऊन वीज लावायची. उघड्यावर, कारण हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा पट्टी तिथे वापरू नका, विषारी क्रोमियम उतरतं. साफ झालं की जवसाचं तेल चोळायचं, झालं काम. माखलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटते. पसरून वाळवा.

मातीकाम

हे चिंधीचं खरं आहे. माझ्याकडे धुमसली होती.

भंगारवेडा

खूप दिवसांनी येतोय. हिशेब देतो.

गच्ची रद्द. वडणग्याला मावसभावाच्या गोठ्याशेजारी तीन बाजू उघडी शेड आहे, तिथे भट्टी. कडबा पन्नास पावलं लांब हलवून घेतला. जुन्या मोठ्या घमेल्यात पिवळी माती आणि बारीक वाळू थापली, आठ दिवस सावलीत वाळवली. बाजूने इंची काळा पाइप, तोंड तळापासून अडीच इंचांवर, भोवती फायर ब्रिक नुसत्या रचून. ब्लोअरमध्ये वंगण टाकल्यावर तो असा फिरायला लागला की मावसभावाची पोरं रांग लावून बसली. पोरांसाठी जमिनीवर चुन्याची रेघ मारली, रेघेच्या आत चष्म्याशिवाय कुणी नाही. पाण्याची बादली, वाळूची बादली, नळ जवळ.

पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे कोल्हापुरी पायताण घालून उभा राहिलो. लोणारी कोळसा ठिणग्या फार उडवतो. एक ठिणगी अंगठा आणि पट्ट्याच्या मध्ये बसली. मी जो नाचलो तो गावात अजून सांगतात. आता चामड्याचे बूट, सुती जाड पँट, बुटावरून खाली सोडलेली.

दुसऱ्या दिवशीची चूक त्याहून बाळबोध. पट्टी लाल असताना हात लावायचं धाडस नव्हतं. काळी झाली, मी उचलली. तळहात नळाखाली वीस मिनिटं. मावशी हळद घेऊन धावली, तिला कसंबसं थांबवलं.

कुपोला_निवृत्त

चारशे अंशांचं लोखंडही दिवसा काळंच दिसतं. उचलायच्या आधी पाण्याचे दोन थेंब टाकत जा. आणि जाळात टक लावून बघू नका, भट्टीची नजर हळूहळू डोळ्यांना लागते.

भंगारवेडा

काका, हो. चार रविवारांत मिळून एक खुरपं झालंय. पातं एका बाजूला जरा जाड, दांडा उसना. मावशीने भांगलायला नेलं आणि अजून परत दिलेलं नाही, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला नको. खंडेनवमीला ऐरणीला गंध-फूल वाहिलं. भात्याला नवं चामडं घालायचंय. विळाखुरपं दादा, वडील ते काम करतील का? सांगतील ते पैसे, किलोचा भाव नाही.

एक शंका राहिली. ऐरणीचा आवाज कानात घुमतो, घंटेसारखा, घाव संपला तरी. ध्वनिमुद्रण जोडलंय.

विळाखुरपं

वडिलांना फोनवर ऐकवलं. त्यांनी दोनदा लावायला सांगितलं. म्हणाले, ऐरण झकास आहे, पण खालचा लाकडाचा ठोकळा वाळून आटलाय, ती बसलेली नाही. शिंगाच्या बाजूने पाचर मारा. भाता घेऊन या, शनिवार सोडून कधीही. घण चालवायला एक माणूस लागेल, तो तुम्हीच.

भंगारवेडा

पाचर मारली, शिंगाच्या बाजूनेच. घुमायची थांबली. बुधवारी निघतो.

टिवल्याबावल्या

फोटो अजून दिसत नाहीयेत.